एक तक्रार द्या हो

“त्यांना हवा नको का?”

आमचे हे पायमोज्याला विचारत होते. पलंगाच्या कडेला बसलेले, एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि हातातल्या मोज्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू त्याच्याच सहीवाचून काम अडलंय. मी त्याच पलंगावर, हातभर अंतरावर, चादरीची घडी घालत होते. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरातल्या बंद पंख्याची काळजी लागलेली पाहून मला अगदी भरून आलं.

“राहू द्या हो,” मी म्हटलं. “मी खिडकी उघडून करते सगळं.”

“खिडकीने काय होणार? पंधरा लाख लिटरची टाकी आहे. एक ब्लोअर मेला, दुसरा कालपासून खोकतोय. गुदमरतील गं मंडळी माझी!”

मी चादरीची उरलेली घडी जरा जोरातच घातली.

मंडळी म्हणजे जंतू. हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण आमच्याकडे नवीन आलेले पाहुणे ‘काय, मंडळी कशी आहेत?’ या साध्या प्रश्नाला ‘आज जरा फेस आलाय’ असं उत्तर ऐकून घाबरतात. आमचे हे गावाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे प्रमुख. गावातल्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं आणि ज्या तिसऱ्या खोलीचं नाव चारचौघांत काढत नाहीत तिचं, सगळं पाणी त्यांच्याकडे जातं. तिथल्या टाकीत हे जंतू राहतात. ते घाण खातात आणि पाणी नदीत सोडण्याजोगं होतं. मोबदल्यात त्यांना फक्त हवा लागते. टाकीच्या तळाशी ती हवा फुंकणारं यंत्र म्हणजे ब्लोअर. दोन-तीन दिवस हवा मिळाली नाही की मंडळी मरतात, आणि नवी वाढवायला महिना-दीड महिना जातो. चौदा वर्षं ह्यांनी ही मंडळी सांभाळली आहेत. मुलीचा पहिला दात कधी पडला ते ह्यांना विचारू नका. पण कोणीतरी गटारात रंगाचे डबे ओतल्यामुळे मंडळींचं पोट बिघडलं होतं, ती तारीख वार आणि वेळेसकट पाठ आहे.

केंद्र बांधताना सरकारने हात आखडता घेतला नव्हता. इमारत झाली, फलक लागला, फीत कापली, भाषणं झाली. मग सगळे निघून गेले आणि ह्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा उरला. वीज, तेल, पट्टे, बेअरिंग यांच्यासाठी कोणी फीत कापत नाही. पाळणा हलवायला गाव जमतं हो, लंगोट धुवायला एकटी आईच असते. मेलेल्या ब्लोअरचे सुटे भाग काढून हे जिवंत ब्लोअरला घालत होते. असं चाललं होतं.

आणि यंदा सरकारने चक्क केंद्र चालवायला आणि दुरुस्त ठेवायला अनुदान काढलं. अर्जाची मुदत महिनाअखेर. नगरपालिकेने ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं, अनुदान आलं तर ठीक; नाहीतर एक तारखेपासून केंद्राला कुलूप, घाण पाणी सरळ नदीत, आणि ह्यांची बदली जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर.

“इथे मी जगवतो,” हे त्या दिवशी जेवताना म्हणाले होते. “तिथे नुसती नोंद करायची?” आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठले होते. अन्न टाकणारा हा माणूस नव्हे. म्हणून मी म्हटलं, द्या तो अर्ज इकडे, मी बघते.

अर्ज भरणं मला कोणी शिकवलं नाही. निरनिराळ्या रांगांत उभी राहून, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून वाचत वाचत मी ते शिकले, आणि आता आमच्या इमारतीत कोणाचं काही अडलं की माझ्याकडे येतात. त्यामुळे मला थोडा गर्व होता. तो कलम सातपर्यंत टिकला. कलम सात: ‘केंद्र सुरळीत चालू असल्याचा दाखला जोडावा.’ कलम आठ: ‘निधीअभावी केंद्र सुरळीत चालवणे शक्य नसल्याचा दाखला जोडावा.’

मी दोन्ही कलमं तीनदा वाचली. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. मग पिशवी उचलली आणि नगरपालिकेत गेले.

बारा नंबरच्या टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली मागच्या कुठल्यातरी योजनेची फाइल घातली होती. म्हणजे त्या योजनेचा कोणालातरी आधार झालाच म्हणायचा.

“मॅडम, चालू आहे म्हणायचं की बंद आहे म्हणायचं?”

“दोन्ही म्हणायचं.”

“एकाच वेळी?”

“एकाच वेळी कशाला?” त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “सातवर सकाळची वेळ टाका, आठवर संध्याकाळची. सकाळी चालू होतं ना? संध्याकाळी बंद पडलं. खोटं काय आहे त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. गेलं वर्षभर तसंच तर चाललं होतं. मी मनातल्या मनात त्या बाईंना हात जोडले. अशी माणसं कचेरीत आहेत म्हणून कचेऱ्या चालतात.

“आता जोडपत्र चार,” मॅडम म्हणाल्या. “गरजेचा पुरावा. परिसरातल्या रहिवाशाची निदान एक लेखी तक्रार. तक्रारवही आणलीत?”

आणली होती. केंद्राच्या फाटकावर ती दोरीने बांधलेली असते, हे ती दर सहा महिन्यांनी पुसतात आणि कोणी आलं की अभिमानाने दाखवतात. मॅडमनी पानं उलटली. चौदा वर्षांत एकच नोंद होती: ‘आपल्या कर्मचाऱ्याची सायकल आमच्या भिंतीला टेकवू नये.’ खाली ह्यांच्या अक्षरात ‘हलवली.’

“तक्रार नाही म्हणजे त्रास नाही,” मॅडम वही मिटत म्हणाल्या. “त्रास नाही म्हणजे केंद्र उत्तम. उत्तम असेल तर पैसे कशाला? गुरुवारी तपासणीचे साहेब येतायत. वही बघतील, रहिवाशांना तोंडी विचारतील. एक तक्रार मिळवा, बाई. एक पुरे.”

एक तक्रार! जिना उतरताना मला हसू आलं. जगात फुकट आणि मुबलक मिळणारी कुठली वस्तू असेल तर ती तक्रार. आमच्या इमारतीत पाण्याच्या वेळेवरून, पार्किंगवरून, वरच्या घरात खुर्ची ओढल्याच्या आवाजावरून माणसं वर्षानुवर्षं भांडतात. आणि आमची इमारत त्या केंद्राच्या भिंतीला भिंत लावून उभी आहे. एक काय, दहा आणीन!

पण घराशी येईपर्यंत माझी चाल मंदावली. कारण मला आठवलं की ती एक गोष्ट आमच्या इमारतीत कोणी बोलतच नाही.

म्हणजे बोलतात, पण नाव घेत नाहीत. ‘आज हवा जड आहे.’ ‘आज जरा ते आहे नाही?’ ‘पावसाळी झालंय वाटतं,’ हे भर उन्हाळ्यात. माझ्या सासूबाईंना तर चौदा वर्षं सर्दी आहे. सदा पदर नाकाला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना घर विकायचंय, तर त्या वाऱ्याची दिशा बघून गिऱ्हाईक बोलावतात. त्यांच्या गॅलरीत एक जुना रेशमी रुमाल बांधलेला आहे, तो केंद्राकडे उडायला लागला की त्या फोन फिरवतात. घरांच्या किमती पडतील ही भीती सगळ्यांनाच आहे, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण तेवढंच नाही. खरं कारण आमचे हे. इमारतीतला एक नळ, एक पंप, एक तुंबलेली मोरी अशी नाही की जिला ह्यांचा हात लागलेला नाही, तोही सुट्टीच्या दिवशी, फुकट. अशा माणसाच्या तोंडावर कसं म्हणायचं? त्यातून सगळ्यांची अशी समजूत की इतकी वर्षं तिथे काढून ह्यांचं नाक गेलेलं आहे, बिचाऱ्यांना कळतच नाही. आणि ज्याला स्वतःचं कळत नाही त्याला दुसऱ्याने सांगणं म्हणजे काय असतं, ते टक्कल पडायला लागलेल्या माणसाच्या मागे बसलेल्यांना विचारा.

तुम्ही म्हणाल, बाई, तू तिथेच राहतेस, तूच का नाही लिहिलंस? केंद्रप्रमुखाच्या बायकोने लिहू नये असं नियमात कुठे होतं? नव्हतं. मी तो नियम मुद्दाम दोनदा शोधला, सापडला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मी वही काखोटीला मारून पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर गेले.

“लेखी?” वहिनींनी दार अर्धं लोटून घेतलं. “अहो, उद्या गिऱ्हाईक जाऊन वही बघेल की! तसं मला काही जाणवत नाही हं. पण तुम्ही असं करा, माझं घर विकलं जाऊ दे. नवा मालक करेल तक्रार. पहिल्याच संध्याकाळी करेल, मी शब्द देते.”

तळमजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी वही ठेवून घेतली, दिवे लागणीला परत दिली. चार पानं भरली होती, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग वाचलं. ‘सदर केंद्रातून क्वचित प्रसंगी किंचित गंध जाणवतो असे काहींचे म्हणणे ऐकिवात आहे. प्रस्तुत लेखकास तसा अनुभव नाही. उलट केंद्रप्रमुखांची कर्तव्यनिष्ठा, नम्रता व गेल्या वर्षी आमच्या मोरीस त्यांनी दिलेले जीवदान...’ पुढची साडेतीन पानं जीवदान होतं. शेवटी ‘त्यांना बढती मिळावी.’

“सर, तक्रार हवी होती.”

“केली आहे ना,” सर म्हणाले. “पहिली ओळ बघा. टीका अशी करावी, की ज्याच्यावर केली त्याला वाचून बरं वाटावं.”

कोपऱ्यावरच्या शिंप्याने मात्र खरंच पेन घेतलं. ‘वासामुळे’ एवढं लिहिलंही. तेवढ्यात नेमके आमचे हे पँट आखूड करायला घेऊन दुकानात शिरले. शिंपी दचकला, ‘वासामुळे’वर चार आडव्या रेघा मारल्या आणि पुढे भराभर लिहिलं की रस्त्यावरचा दिवा बंद आहे. ह्यांनी ते वाचलं, म्हणाले, “खरंय तुमचं,” आणि लगेच शिडी आणायला गेले. संध्याकाळपर्यंत दिवा लागला. तक्रार गेली ती गेलीच, वर शिंपी जन्मभराचा ओशाळा झाला.

मग इमारतीच्या सेक्रेटरींनी सभा बोलावली. ह्यांना मुद्दाम कळवलं नाही. जिन्याखाली दहा खुर्च्या, पंधरा माणसं. सव्वा तास चर्चा झाली आणि एकाही तोंडातून तो शब्द आला नाही. ‘ती बाब’, ‘तो विषय’, ‘तो पलीकडचा प्रकार’. ठराव एकमताने झाला: ‘इमारतीत ती बाब नाही, तथापि असल्यास तिजबाबत तक्रार करण्यास संस्थेची हरकत नाही.’ कोणी करायची, यावर उपसमिती नेमली. उपसमितीत मी, सर आणि सासूबाई.

“मला नका घेऊ,” सासूबाई पदराआडून म्हणाल्या. “मला सर्दी आहे.”

बुधवारी रात्री मी ह्यांच्यापुढे वही ठेवून सगळं सांगणार होते. खरंच होते. पण हे आले ते काळवंडलेल्या हातांनी. दुसऱ्या ब्लोअरचं बेअरिंग गेलं होतं. हे जेवले, हात पुसले आणि एवढंच म्हणाले, “उद्यापासून मंडळी श्वास धरून बसणार.” मी वही उशीखाली सरकवली आणि ‘झोपा आता’ म्हटलं. माझ्यासारखी शूर बाई पंचक्रोशीत नाही.

गुरुवार उजाडला तो सेक्रेटरींच्या उत्साहाने. सरकारी माणूस इमारतीत येणार म्हटल्यावर त्यांच्याने राहवलं नाही. पहाटेच त्यांनी जिना धुवून घेतला, फिनेल ओतलं, आणि वर कुठलंसं गुलाबाचं फवारणीचं अत्तर मजल्यामजल्यावर मारून घेतलं. दहा वाजता आमची इमारत एखाद्या न्हाव्याच्या नव्या दुकानासारखी घमघमत होती.

“अहो, हे काय केलंत?” मी कपाळावर हात मारला. “आज कळायला हवं होतं ना!”

“वहिनी, तक्रार तक्रारीच्या जागी,” सेक्रेटरी दुखावून म्हणाले. “इमारतीची काही अब्रू आहे की नाही?”

त्यात वारा फिरला. रेशमी रुमाल केंद्राच्या दिशेने फडफडला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सवयीने फोन फिरवला. म्हणजे साडेअकरा वाजता एका रिक्षातून तपासणीचे साहेब उतरले आणि दुसऱ्या रिक्षातून घर बघायला आलेलं जोडपं. दोघांचं स्वागत सेक्रेटरींनी एकाच नमस्कारात उरकलं.

साहेब पन्नाशीचे, सज्जन दिसत होते. जिन्याखाली टेबल टाकलं होतं, तिथे बसले, वही उघडली, रुमाल काढून नाक शिंकरलं.

“माफ करा,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मला परवापासून सर्दी आहे. मला काही कळत नाही. तुमच्या सांगण्यावरच सगळी भिस्त.”

“मला चौदा वर्षांपासून आहे,” सासूबाई आपुलकीने म्हणाल्या.

तेवढ्यात हे आले. केंद्रातून थेट, चालत, बाह्या वर, कपाळावर ग्रीसचा पट्टा. साहेबांनी बोलावलं होतं. ते टेबलाशी न येता जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले, आणि मी बघितलं की त्यांचे डोळे खाली बसलेत. रात्रभर हा माणूस छताकडे बघत होता, मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असणार की मी जागीच होते.

साहेबांनी वहीतली सायकल वाचली. सरांचं जीवदान वाचलं, ते वाचताना दोनदा मान डोलावली. खोडलेला शब्द आणि रस्त्यावरचा दिवा वाचला. मग पेनाचं टोपण काढून समोर बघितलं.

“बरं. केंद्रामुळे कोणाला काही त्रास?”

कोणी चपलांकडे बघितलं, कोणी जिन्याकडे. घर बघायला आलेली बाई वहिनींकडे बघत होती.

“छे छे!” वहिनी म्हणाल्या. “उलट मोकळं आहे इथे. समोर बांधकाम नाही.”

“सर, तुम्ही?”

“प्रस्तुत प्रश्नावर मी लेखी मत दिलेलं आहे,” सर म्हणाले.

“सेक्रेटरी?”

“ठराव जोडलाय, साहेब.”

साहेबांनी तो ठराव वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून, पुसून, तिसऱ्यांदा वाचला. मला त्यांची दया आली. मी त्याच वाटेने गेलेली होते.

“म्हणजे त्रास नाही,” ते हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत असावं. “मग मी काय लिहू? त्रास नसलेल्या जागी पैसे मागितले तर वर मला विचारतील.” आणि त्यांनी टोपण पेनाला लावायला घेतलं.

मी उठले. कशी उठले कोण जाणे. आयुष्यात मी एवढ्या लोकांसमोर फक्त लग्नात उभी राहिले होते, तेव्हाही बोलायचं काम दुसऱ्यांनी केलं होतं.

“साहेब,” मी म्हटलं, “तशी हवा... म्हणजे कधी कधी हवा जरा...”

“हवा नव्हे.”

हे बोलले होते. कठडा सोडून टेबलाशी आले होते.

“वास म्हण,” हे म्हणाले. “साहेब, वास येतो. घाण वास येतो.”

साहेबांनी वर बघितलं. “तुम्ही केंद्राचे प्रमुख ना?”

“आठ ते सहा. बाकीच्या वेळात दुसरा मजला, डावीकडचं घर. रहिवासीच आहे मी.”

“पण तक्रार करणारे तुम्ही आणि तक्रार तुमच्याविरुद्ध?”

“लिहा तसंच. ब्लोअर चालू असताना थोडा येतो, बंद असला की फार येतो. चौदा वर्षं येतोय. भिंतीवरून येतो, आणि सहा वाजता माझ्याबरोबर जिना चढूनही येतो.” त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, रागाने नाही, मोरी मोकळी झाल्यावर बघतात तसं. “माझं नाक गेलं असं वाटतं ना तुम्हाला? नाकावरच नोकरी आहे माझी. वासावरून मला कळतं मंडळी बरी आहेत की नाहीत. आणि ही माझे कपडे वेगळे धुते, म्हणते रंग जातो. पँटचा रंग चौदा वर्षं जातो का हो?”

सासूबाईंनी पदर हळूच खाली घेतला. घर बघायला आलेल्या बाईने नवऱ्याला कोपर मारलं, आणि वहिनींनी डोळे मिटून घेतले.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“मी कसा बोलणार? माझंच केंद्र. वाटायचं, कोणीतरी येऊन म्हणेल. म्हणजे मलाही वर काहीतरी मागता येईल. तर हे लोक मला भेटले की पावसाळी झालंय म्हणायचे.”

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. नाक शिंकरलं. वहीत सावकाश, ठळक अक्षरात एक ओळ लिहिली, ह्यांची सही घेतली, मग जोडपत्र चार पुढे ओढलं आणि अडखळले.

“इथे प्रमाण लिहायचंय. सौम्य, मध्यम की असह्य?”

हे बोलायला गेले आणि थांबले. वळून माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत ह्यांनी मला भाजीत मीठ किती हेही कधी विचारलं नव्हतं.

“काय गं,” हे म्हणाले, “किती येतो?”

“असह्य,” मी म्हटलं.